महाद्वारापुढची मोकळी जागा



दिंडीच्या शंभरीची स्मरणिका निघून राहिली आहे, तुम्हीही चार पानं लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. संत्र्याचा बगीचा आणि कपाशी-तुरीचं वावर सांभाळता सांभाळता कीर्तन शिकलो, तेही ऐकून ऐकून. विद्वानासारखं लिहिणं आम्हाले जमणार नाही. पण पंढरीत एक जागा अशी आहे, की आमच्या दिंडीनं या शंभर वर्षांत तिथं जेवढा वेळ घालवला तेवढा प्रत्यक्ष देवापुढेही घालवला नाही. ती जागा म्हणजे महाद्वारापुढचा चौक. देवाच्या पायाशी माणूस उभा राहतो तो किती? एक श्वास घेण्यापुरता. मागून रेटा येतो, पुढून हात धरून ओढतात, चला माउली चला. चौकात मात्र मनासारखा अभंग म्हणता येतो, बायांना फुगडी घालता येते, चुकलेला माणूस तिथंच सापडतो. म्हणून देवाची कथा नेहमी सांगतो ती बाजूला ठेवून या खेपेला चौकाची सांगतो.

ज्या पोट्ट्यांनी अजून पंढरी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी जागा सांगतो. चंद्रभागेत स्नान करायचं, वाळवंटात भक्त पुंडलिकाले नमस्कार करायचा आणि महाद्वार घाटाच्या पायऱ्या चढायच्या. घाटाजवळ किल्ल्यासारखा दगडी वाडा दिसतो, ते द्वारकाधीशाचं मंदिर. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी ते बांधवलं. जवळच होळकर वाडा आहे, अहिल्यादेवींच्या नावाचा, त्यात राममंदिर आहे. शिंदे आणि होळकर हे एकमेकांशी कितीदा लढले याचा हिशेब इतिहासवाल्यांनी करावा, पंढरीत मात्र दोघांचे वाडे शेजार धरून बसले आहेत. तिथून सरळ पश्चिमेकडे चढती गल्ली निघते, तो महाद्वार रस्ता. दोन्ही अंगाले दुकानं. बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीच्या माळा, टाळ, चिपळ्या, वीणे, पखवाज, चुरमुऱ्यांचे ढीग, पेढे. गल्ली संपते तिथं थोडी मोकळी जागा आहे. समोर देवळाचं पूर्वेकडचं मुख्य दार. दाराची पहिली पायरी पितळेनं मढवलेली, ती नामदेवरायांची पायरी. आणि पायरीच्या समोर, चार पावलांवर, चोखोबांची समाधी. चौक तो एवढाच. आमच्याकडले खळे याहून मोठे असते. पण महाराष्ट्राच्या पाच-सातशे वर्षांच्या गोष्टी या एवढ्याशा जागेत घडून गेल्या.

देऊळ किती जुनं ते दगडावरच लिहिलेलं आहे. आत सोळखांबीत एका तुळईवर १२३७ सालचा लेख आहे, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा, त्यात भीमेच्या काठच्या या गावाचं नाव आहे. त्याच्या पुढचा तो चौऱ्यांशीचा शिलालेख. त्याले पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून बुढे लोक आवर्जून पाठ घासत, घासून घासून दगड गुळगुळीत झाला. खरं म्हणजे तो वर्गणीचा फलक आहे हो! देवळासाठी कोणी काय दिलं याची नोंद, १२७३ ते १२७७ या सालांतली. त्यात देवगिरीचा राजा रामदेवराव यादव याचंही नाव आहे. आमच्या सप्ताहात तेल कोणी दिलं, तांदूळ कोणी दिले हे भिंतीवर रंगवतात, तशीच गोष्ट, फक्त दगडावर कोरलेली. नामदेवरायांचा जन्म १२७० चा. म्हणजे हा दगड कोरणं चालू होतं तेव्हा नामदेव तीन ते सात वर्षांचं लेकरू होतं. टाकीचा ठकठक आवाज त्यानं ऐकलाच असेल असं आम्ही कीर्तनात सांगतो. कोणी त्याले पुरावा मागितला तर गाव तेच आणि साल तेच, एवढंच आम्ही म्हणू.

आता चोखोबांकडे येऊ. आमच्या विदर्भाच्या माणसानं तर चोखोबा नीट समजून घेतला पाहिजे, कारण बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळचं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. पुढं ते मंगळवेढ्याले राहिले. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळं घर अभंग रचणारं. जातीनं महार, म्हणून देवळाची पायरी चढायची बंदी. मंगळवेढ्याले गावकुसाचं काम चालू होतं, वेठीनं नेलेली माणसं होती, त्यात चोखोबा. भिंत कोसळली आणि माणसं खाली गेली. साल १३३८ मानतात. परंपरा सांगते की नामदेवराय स्वतः मंगळवेढ्याले गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक उचलून कानाशी धरली, आणि ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल असा नाद आला ती चोखोबांची म्हणून वेगळी काढली. पंचवीसेक किलोमीटर वाहून आणून ती महाद्वारासमोर ठेवली, तिथं समाधी बांधली.

आत नाही, समोर. ही गोष्ट कीर्तनात सांगताना आम्ही इथं थांबतो. नामदेवांसारखा देवाशी बोलणारा संत, त्यानंही समाधी बाहेरच बांधली, कारण आत बांधू दिली नसती. पण जागा कोणती निवडली पहा. दाराच्या बरोबर पुढं. जो कोणी महाद्वारातून आत जाईल, राजा असो की शास्त्री, त्याले चोखोबाजवळूनच जावं लागंल.

बारा वर्षांनी, १३५० साली, नामदेवरायांनी घरच्या माणसांसह, परंपरेप्रमाणे चौदा जणांनी, महाद्वारातच समाधी घेतली आणि ते पायरी झाले. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. पंजाबात घुमान गावी नामदेवांचं देवस्थान आहे, तिथले लोक समाधी तिकडे मानतात. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत. आम्ही त्या वादात शिरत नाही. पायरीपाशी पगडीवाले शीख भाविक माथा टेकवताना दिसतात, त्यांना कोणी विचारत नाही की बाप्पा, तुमच्या हिशेबानं समाधी कुठं. आमच्या डोळ्यापुढं चित्र असं राहते की एक मित्र दाराबाहेर बसवला गेला, तर दुसरा आपण होऊन दाराशी जाऊन आडवा झाला. पायरीवर पाय देत नाहीत. तिले वळसा घालून किंवा तिच्यावरून लंघून जातात.

देवाले कितीदा तरी जागा सोडावी लागली. विजयनगरचा राजा मूर्ती घेऊन गेला आणि एकनाथ महाराजांचे पणजे भानुदास महाराज यांनी ती परत आणली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं १६५९ साली अफझलखानाची स्वारी या बाजूनं झाली. औरंगजेबाची छावणी तर काही वर्षं इथून जवळच भीमेकाठी ब्रह्मपुरीले होती. अशा वेळी पुजाऱ्यांनी मूर्ती आसपासच्या गावांत लपवून राखली, हे त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण पायरी आणि समाधी काही उचलून नेता येत नाही. देव गावाले गेला तरी हे दोघं चौकात राहिले.

या रस्त्यावर एक खूनही झाला आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या नागपूरपर्यंत येतो. साल १८१५, जुलैची २० तारीख, आषाढी यात्रेचे दिवस. दुसरे बाजीराव पेशवे पंढरपुरात मुक्कामाला होते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांशी पैशाच्या हिशेबाची बोलणी करायले आले होते, त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली. त्या रात्री शास्त्रीबुवांची तब्येत बरी नव्हती, पण पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांनी देवदर्शनाले या म्हणून पुन्हा पुन्हा निरोप धाडला. दर्शन झालं. देवळातून बिऱ्हाडी परतताना वाटेतच मारेकऱ्यांनी तलवारी चालवल्या. आळ डेंगळ्यांवर आला. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, १८१६ साली ते तिथून निसटले. मग इंग्रजांनी पेशव्यांचा गळा धरला, १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह करून घेतला, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. त्याच नोव्हेंबरच्या २६-२७ तारखेले आपल्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढली आणि हरली. दुसऱ्या साली पेशवाई गेली. सीताबर्डीचा किल्ला आपण बसमधून जाता-येता पाहतो. त्याची एक ठिणगी पंढरपुरात देवळाच्या वाटेवर पडली होती हे शाळेच्या पुस्तकात असलं तरी आमच्या ध्यानात कधी कोणी आणून दिलं नव्हतं. कीर्तनात हे सांगितलं की तरुण पोरं मोबाईल खिशात ठेवतात.

इथून आमच्या दिंडीची गोष्ट सुरू होते. कळमेश्वरहून पंढरी म्हणजे पायी महिनाभराची वाट. जे पायी जाऊ शकत नव्हते ते आगगाडीनं जात. नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड असं करत कुर्डुवाडीले उतरायचं, आणि तिथून बार्शी लाईटची छोटी गाडी. ती इतकी हळू चाले की माणूस उतरून पाणी पिऊन पुन्हा चढे, असं बुढे लोक सांगत. थोडं तिखटमीठ लावलेलं असंल. दिंडीच्या शंभरांपैकी पहिली वीस-बावीस वर्षं अशी गेली की चौकात पोचल्यावर दिंडीचे दोन भाग होत. बहुतेक मंडळी पायरीले वळसा घालून आत जात. महारवाड्यातली जी चार-पाच माणसं टाळकरी होती, आणि एक पखवाजी होते, ते चोखोबांच्या समाधीपाशी बसत. त्यांना दारात अडवत. आमचे आजे सांगत की ते पखवाजी दिंडीतले सगळ्यात पक्के. वाटेनं महिनाभर त्यांच्या ठेक्यावर सगळी दिंडी चालायची, आणि मुक्काम गाठला की ठेका बाहेर आणि दिंडी आत. मग त्यांनी एक रीत पाडली. मंडळी आत गेली की ते समाधीपाशी बसून वाजवायले लागत आणि शेवटचा माणूस बाहेर येईस्तोवर हात थांबवत नसत. दर्शनाची रांग तेव्हा आजच्याएवढी नव्हती, तरी तीन-चार तास होत. बाहेर आलेली माणसं देवाची तुळस आणि बुक्का आणून त्यांच्या हातावर ठेवत.

ही मंडळी रात्री उतरत ती चोखामेळा धर्मशाळेत. ती बांधली गाडगेबाबांनी, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण पंढरीत कोणाले छप्पर मिळत नाही हे त्यांना कोणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. पुढं १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

दार उघडलं ते साने गुरुजींमुळे. श्यामची आई लिहिणारे ते गुरुजी. काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी सभा घेतल्या, सेनापती बापट बरोबर. मग १ मे १९४७ ले पंढरपुरात उपोषणाले बसले. बसायले जागा मिळेना, ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. एका वारकरी महाराजानं आपला मठ उघडला, ही गोष्ट आपल्या संप्रदायानं मान वर करून सांगावी. दहा दिवस उपोषण चाललं. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, पुजारी मंडळींनी मान्य केलं, गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच साली मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. स्वातंत्र्य मिळायले तेव्हा तीन महिने बाकी होते. म्हणजे देवळाचं दार देशाच्या आधी मोकळं व्हायले लागलं.

तेव्हा काही कर्मठ मंडळींनी देऊळ बाटलं म्हणून आत जाणंच सोडलं. ते बाहेरूनच कळस पाहून हात जोडत. पहा कशी उलटापालट झाली! सहाशे वर्षं ज्यांना बाहेर ठेवलं ते आत निघाले, आणि आत जाणारे काही आपल्या पायानं बाहेर येऊन उभे राहिले, तेही त्याच चौकात.

आमच्या दिंडीतले ते पखवाजी पुढच्या आषाढीले आत गेले. आजे सांगत, समाधीपाशी पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर देऊन गेले, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. कोणी विचारलं, काय बुवा, कसा वाटला देव? तर म्हणाले, लहान आहे, आम्हाले वाटलं होतं लय मोठा असंल.

पुढची गोष्ट स्मरणिकेत टाकावी का, यावर मंडळींत बोलणं झालं. टाकावी असं आमचं मत पडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ले नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. कळमेश्वर तिथून पंचवीस किलोमीटरच्या आत. दिंडीतली ती चार-पाच घरं त्या वाटेनं गेली. भांडण झालं नाही. पखवाजी बुवांनी पखवाज आणून दिंडीच्या पेटीजवळ ठेवला आणि राम राम केला. कोणी कोणी नाराज झाले, म्हणाले दार उघडून दिलं तरी गेले. आमचे आजे म्हणत, अरे, सहाशे वर्षं दारात बसवलं आणि नऊ वर्षांत उपकार मोजता का? बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीले वाहिला आहे. तेव्हा वाट बदलली तरी चोखोबा काही कोणी टाकून दिला नाही.

देवळाच्या कारभाराचं थोडक्यात सांगतो, तो भाग कोर्टकचेरीचा आहे. १९७३ साली पंढरपूर मंदिर कायदा झाला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवले, त्यावर दावे चालले ते २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात मिटले. त्याच साली समितीनं पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, कोणत्याही जातीचे आणि बायांचेही. २०२४ साली गाभाऱ्याचं जुनं काम मोकळं करताना चांदीचे पत्रे काढले, तेव्हा खालचा मूळ दगड दिसायले लागला.

आता चौकाची आजची हकीकत. आषाढीत पदस्पर्शाची रांग दर्शनमंडपातून, गोपाळपूरच्या बाजूनं लागते. त्यामुळे महाद्वारातून आत जायचं भाग्य त्या रांगेतल्या माणसाले नाही. लांबून आलेल्या किती तरी दिंड्या चंद्रभागास्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळस एवढ्यावर वारी पुरी करतात आणि गावाचा रस्ता धरतात. आम्हीही कितीक वर्षं तसंच केलं, पेरणीचे दिवस असतात, डवऱ्याचं काम पडलेलं असते. म्हणजे आता सगळेच चोखोबांच्या रांगेत आहेत. हे आम्ही गंमत म्हणून बोलतो, पण समाधीपाशी उभं राहून कळसाकडे पाहिलं की गंमत उरत नाही.

आणि त्याच जागेवर कॉरिडॉरची टांगती तलवार आहे. काशीसारखं मोठं मोकळं पटांगण करायचं, घाटापासून देवळापर्यंत रुंद रस्ता करायचा असा सरकारचा विचार २०२२ पासून चालू आहे. तिथले दुकानदार आणि घरमालक विरोधात आहेत. दोन्हीकडे खरं आहे. त्या गल्लीत दशमी-एकादशीले जी दाटी होते ती आम्ही छातीवर सोसली आहे. म्हातारी माणसं घुसमटतात, लेकरं खांद्यावर घ्यावी लागतात, काही वाईट घडलं तर ॲम्ब्युलन्स शिरायले वाट नाही. रस्ता मोठा व्हावा असं कोणाले वाटणार नाही? पण पिढ्यान्‌पिढ्या माळा ओवणाऱ्या, बुक्का विकणाऱ्या घरांना उठवायचं तर त्यांना तिथंच जवळ जागा दिली पाहिजे. शंभर मैलांवरच्या गावाले धरणापायी उठवलं तर काय होते हे शेतकऱ्याले सांगावं लागत नाही. आणि शिंद्यांचा, होळकरांचा वाडा यांच्या दगडाले हात लावू नये. राहिली गोष्ट समाधीची. वावराचा बांध मोजणीत इकडेतिकडे सरकते, विहीर सरकवता येत नाही. पायरी आणि समाधी यांच्यामधलं चार पावलांचं अंतर हेच त्या चौकाचं मूळ आहे. बाजूनं पाहिजे तेवढं पटांगण करा, पण ते चार पावलं ना वाढवा, ना कमी करा. आमच्या दिंडीनं तसा ठराव करून समितीकडे पाठवावा, असं आम्ही या लेखातून सुचवतो.

एक गोष्ट आमच्या दिंडीनं शंभर वर्षांत पाहिली नाही ती महाद्वार काला. पौर्णिमेले गोपाळपुरात काला होतो, पालख्या परत फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी महाद्वारात हरिदास घराण्यातल्या पुरुषाच्या माथ्यावर देवाच्या पादुका ठेवून काला करतात, तेव्हा यात्रा संपते. आम्हाले तोवर थांबता येत नाही, कारण पौर्णिमेले देव पंढरी सोडून आपल्या धापेवाड्याले येतो अशी इकडली श्रद्धा. धापेवाड्याची यात्रा भरते, तिथलीही नदी चंद्रभागाच. कोलबास्वामींच्या त्या गावी कळमेश्वरची दिंडी हजर नसली तर कसं चालंल? म्हणून बुढे लोक द्वादशी सोडली की स्टेशनाकडे निघत.

या शंभरीच्या सालात मात्र पाच जण मागे थांबणार, असं बैठकीत ठरलं आहे. बाकी मंडळी धापेवाडा सांभाळतील. थांबणाऱ्यांपैकी दोन तरुण त्या पखवाजी बुवांच्या घरचे आहेत. विचारल्यावर म्हणाले, आम्ही वाजवायले येऊ. पेटीजवळचा तो पखवाज नागपूरले नेऊन दोन्ही पुड्या नव्या बसवून आणल्या, वाद्या ओढून घेतल्या. खोड जुनंच ठेवलं आहे.